अम्मांची पळी

तिरुवैयारुच्या घरात नव्या सुनेने पहिल्यांदा कढई तापत ठेवली ती वांग्याच्या भाजीसाठी. साल १९८४. सोलापूरची मुलगी, लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. माहेरच्या सवयीने तिने तेलाचे भांडे उचलले आणि ती ते कढईवर वाकडे करणार, तोच मागून सासूबाईंचा हात पुढे आला. हातात पितळेची लहानशी पळी होती.

"भांडं वाकडं करायचं नाही ग. पळीनं घे. दोन."

घरात माणसे सहा, आणि वांग्याच्या भाजीला दोन पळ्या तेल! सून मनात म्हणाली, सासू कंजूष दिसते. त्यात त्या तेलाचा वास तिला नवा. सोलापूरकडे तेव्हा घरोघरी करडईचे नाहीतर शेंगदाण्याचे तेल. इथे फोडणीपासून लोणच्यापर्यंत सगळीकडे तिळाचे तेल, पिवळसर, दाट, थोडे कडवट-गोड वासाचे. पहिले चार दिवस तिला जेवताना देवघरात बसल्यासारखे वाटे. पाचव्या दिवशी अम्मांनी इडलीबरोबर लाल मिरची, उडदाची डाळ आणि तीळ भाजून कुटलेली पूड वाढली, मधोमध बोटाने खळगा केला आणि त्यात अर्धी पळी कच्चे तेल सोडले. तेव्हापासून मात्र तिने त्या वासाविषयी तक्रार केली नाही. माहेरची शेंगदाण्याची चटणी आणि ही पूड या बहिणी-बहिणीच आहेत, असे तिने सोलापूरला पत्रातून कळवले.

सासूबाईंना सगळे घर अम्मा म्हणे, म्हणून तीही अम्माच म्हणू लागली. सासऱ्यांना मात्र मामंजी. घर तंजावरच्या मराठ्यांबरोबर दक्षिणेत आलेल्या देशस्थांचे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला मराठी राज्य मांडले, ते १८५५ पर्यंत टिकले. राज्य गेले, पण माणसे राहिली. घरात ते मराठी बोलतात, तिला तमिळचा हेल आहे. बाजारात तमिळ, देवापुढे संस्कृत. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) पुस्तकांचे मोठे शौकीन होते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात 'शरभेंद्र पाकशास्त्र' नावाचा मराठी पाकग्रंथ आहे, तो त्यांच्याच मुदपाकखान्याची आठवण. सांबाराच्या जन्माची जी गोष्ट सांगतात, आमसुलांऐवजी चिंच घातल्याची, तीही याच राजवाड्यातली. खरी-खोटी कोण जाणे, पण सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ती आवडते.

तिरुवैयारु म्हणजे पाच पवित्र नद्यांचे गाव, तंजावरपासून सुमारे बारा किलोमीटरवर. कावेरीच्या काठी, त्यागराजांच्या समाधीमुळे साऱ्या देशाला माहीत. भोवती भाताची शेते. सांबा भाताची कापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलीवर शेतकरी उडीद, मूग आणि तीळ टाकतात. उन्हाळ्यात तो तीळ निघतो आणि घाण्यावर जातो. त्या मुलखात घाण्याला चेक्कु म्हणतात आणि तिळाच्या तेलाला नल्लेण्णै, म्हणजे 'चांगले तेल'. अम्मांनी एकदा सुनेला समजावले, की एण्णै म्हणजे तेल, पण त्या शब्दातच एळ्ळु, म्हणजे तीळ, लपलेला आहे. सून हसली. तिच्याही भाषेत तीळ आणि तेल यांचे हेच नाते. दोन भाषांची मुळे वेगळी, तरी पहिले तेल दोघींनाही तिळातच दिसले.

घाण्यावर अम्मा स्वतः जात. नोकराला पाठवत नसत. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी सुनेला बरोबर नेले. बैल गोल फिरतो आहे, शिरिषाच्या लाकडाचा उखळ, त्यात लाट करकरते आहे. घाणेवाल्याने तीळ ओतले, पाण्याचा हबका मारला, आणि मग ताडगुळाचे दोन-तीन खडे टाकले. सुनेला वाटले, चुकून पडले. पण ती तिथली रीतच आहे. ताडगुळाने तीळ एकमेकांना धरतो, तेल लवकर सुटते आणि कडवटपणा मोडतो. तास-दीड तासाने तेल वर आले, खाली पेंड राहिली. पेंड गाईला, तेल कडीच्या पितळी डब्यात. घरी आल्यावर अम्मांनी ते फडक्याने झाकून दोन-तीन दिवस उन्हात ठेवले. गाळ तळाशी बसला, वरचे नितळ तेल बरणीत गेले.

या तेलाला कोणतीही मोठी उष्णता लागलेली नसते. चिनी-जपानी स्वयंपाकात जे तांबूस तिळाचे तेल वापरतात ते भाजलेल्या तिळाचे. त्याचे दोन थेंब वरून घालायचे असतात. तंजावरचे तेल कच्च्या तिळाचे, म्हणून ते रोजच्या स्वयंपाकाला चालते. त्यातल्या स्निग्धांशाचा साधारण सातवा हिस्सा संपृक्त, बाकीचा असंपृक्त, तोही दोन प्रकारचा, जवळजवळ निम्मा-निम्मा. शिवाय तिळात सेसमिन, सेसमोलिन अशी द्रव्ये आहेत, त्यांमुळे हे तेल सहजी खवट होत नाही. अम्मांना यातले काहीच माहीत नव्हते. त्यांना एवढे माहीत होते, की आंब्याचे लोणचे या तेलात वर्षभर राहते.

आणि पळी. सकाळच्या फोडणीला एक, भाजीला दोन, कोळंबाला एक, चटणीच्या पुडीला सगळ्यांची मिळून दोन, रात्रीला चार. दिवसाच्या दहा. चिंचभात असेल त्या दिवशी दोन जास्त, मग दुसऱ्या दिवशी दोन कमी. सणावारी तळण, त्यासाठी शेंगदाण्याचे तेल वेगळे, आणि तळून उरलेले तेल आठवड्याच्या आत भाजीला वापरून संपवायचे, पुन्हा तळणीला घ्यायचे नाही. खोबरेल तेल केसांना, आणि स्वयंपाकात फक्त अवियलवर वरून चमचाभर. लोणकढे तूप वरणभातावर, तेही मोजून. शनिवारी पुरुषांना तेल लावून न्हायचे असे, शुक्रवारी बायकांना. गमतीने मामंजी म्हणत, "आमच्या घरात तेल पोटात जातं त्याहून जास्त डोक्यावर जातं."

१९९० नंतर घरात दोन गोष्टी आल्या, रंगीत टीव्ही आणि रिफाइंड तेलाचा पाच लिटरचा डबा. कोणते आधी आले ते आता आठवत नाही, पण दोन्हींचा संबंध होता. टीव्हीवरच्या बाई पुरी तळत आणि पुरी हवेत तरंगे. तेल इतके हलके! तिळाच्या तेलाचा वास साड्यांना येतो, पाहुण्यांपुढे बरे दिसत नाही, असे सुनेला वाटू लागलेच होते. अम्मा काही बोलल्या नाहीत.

मग १९९३ साली मामंजींना हृदयविकाराचा झटका आला. जीव वाचला. डॉक्टरांनी सांगितले, तेल-तूप जपून, तूप बंदच करा. रुग्णालयाच्या बाहेरच्या बाकावर बसून सुनेने ठरवले, की आता स्वयंपाकघर आपल्या हाती घ्यायचे. सासऱ्यांवर तिचा जीव होता. तिने सगळे वाचून काढले, मासिकांतली सदरे, डब्यांवरची अक्षरे. घरात येईल ते तेल रिफाइंड सूर्यफुलाचे. तूप गेले. पण शिऱ्याला, हलव्याला, पोळीला काही तरी हवेच, म्हणून तुपाच्या जागी वनस्पती तूप आले. ते झाडापासून झालेले, डब्यावर लिहिलेले 'कोलेस्टेरॉल नाही'. शंकेला जागाच नव्हती.

आता हे सांगायला हवे, की कोलेस्टेरॉल कोणत्याच वनस्पतीच्या तेलात नसते. तिळाच्या तेलात नाही, खोबरेलात नाही, सरकीत नाही. ज्यात ते मुळातच नव्हते त्यात ते नाही असे लिहिणे म्हणजे पाण्याच्या बाटलीवर 'मीठ नाही' लिहिण्यासारखे. पण पतीचे, सासऱ्याचे आजारपण काढणाऱ्या बाईला त्या दोन शब्दांनी किती धीर येतो, हे ज्याने लिहिले त्याला ठाऊक होते.

पितळी डबा माळ्यावर गेला. पळीही त्याच्याबरोबर गेली, कारण प्लॅस्टिकच्या डब्याला चोच होती. अम्मांनी तिळाच्या तेलाची एक लहान बाटली देवाच्या समईसाठी आणि शनिवारच्या न्हाण्यासाठी ठेवून घेतली. एकदाच म्हणाल्या, "माझं तेल काय वाईट होतं?" सून म्हणाली, "अम्मा, डॉक्टरांनी सांगितलंय." डॉक्टरांनी तिळाच्या तेलाचे नावही काढले नव्हते. ते म्हणाले होते, जपून. पण जपून म्हणजे किती, हे त्यांनी सांगितले नाही आणि हिने विचारले नाही.

तिरुवैयारुला पौष वद्य पंचमी हा मोठा दिवस. त्यागराज १८४७ साली त्या तिथीला गेले. दर वर्षी कावेरीकाठी त्यांच्या समाधीपाशी आराधना होते, आणि शेकडो गायक-वादक एकत्र बसून पंचरत्न कृती गातात. राजाने बोलावले तरी ते दरबारी गेले नाहीत, अशी आख्यायिका आहे. 'निधि चाल सुखमा' ही त्यांची कृती त्याच प्रसंगाशी जोडतात. त्या दिवसांत गावातल्या घरांत पाहुणे उतरतात, आणि पाहुण्यांपुढे 'अशोका' येतो. हा तिरुवैयारुचा हलवा. मुगाची डाळ भाजून मऊ शिजवायची, कणीक तुपात परतायची, दोन्ही एकत्र करून साखर घालायची आणि कडा सोडीपर्यंत घोटत राहायचे. केशरी रंग, चकचकीत. बोटांना तूप लागले नाही तर अशोका कसला, असे तिथले लोक म्हणतात.

१९९४ पासून या घरचा अशोका वनस्पती तुपात होऊ लागला. दिसायला तसाच, किंबहुना जास्त चकचकीत. मामंजींना सून हक्काने वाटी भरून देई. "तूप नाही हो यात, खा." तेही विश्वासाने खात. गार झाल्यावर मात्र टाळूला मेणासारखा थर लागे. अम्मा आपली वाटी शेजारच्या मुलाला देत.

मामंजी १९९९ साली गेले, दुसऱ्या झटक्याने. अम्मा २००८ साली, झोपेत, त्र्याऐंशीव्या वर्षी. शेवटपर्यंत त्या शनिवार-शुक्रवारची बाटली स्वतःच्या पैशाने आणवत होत्या.

पुढची गोष्ट २०१४ सालची. आता यजमानांची पाळी. बँकेतून निवृत्त होता होता तपासणी केली, रक्तातली चरबी वाढलेली. तंजावरच्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडे दोघे गेले. त्यांनी विचारले, "तेल कुठलं वापरता?" हिने उत्साहाने सांगितले, "वीस वर्षं रिफाइंड सूर्यफूल. तूप घरात नाही." बाईंनी लिहून घेतले आणि पुढचा प्रश्न विचारला, "किती?"

या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हते. एवढ्या वर्षांत तो कुणी विचारलाच नव्हता.

मात्र तिच्याकडे वह्या होत्या. लग्नाआधी वडिलांनी लावलेली सवय, दर महिन्याचा वाणसामानाचा हिशोब. घरी येऊन तिने पेटी उघडली. १९८७ सालची वही: तिळाचे तेल तीन लिटर, सहा माणसे. सणाच्या महिन्यात शेंगतेल एक लिटर जास्त. १९९७ सालची वही: रिफाइंड पाच लिटर, वनस्पती दोन किलो, तीच सहा माणसे, फक्त धाकटे दीर नोकरीला गेले होते आणि त्यांच्या जागी शाळेत जाणारी दोन मुले. दहा वर्षांत तेल दुपटीहून जास्त! आजारी माणसासाठी जपून स्वयंपाक करायचा म्हणून जी सुरुवात झाली, तिच्यात हे झाले. हलके तेल म्हणून पुऱ्या वाढल्या होत्या, पाहुणे नसतानाही भजी होऊ लागली होती. डब्याला चोच होती, आणि चोचीला मोजमाप नव्हते. महिन्याला तीन लिटर घाण्यावरून आणायचे तेव्हा तेल संपत आले की दिसत असे. पाच लिटरच्या डब्यात ते दिसेनासे झाले आणि हात सैल सुटला.

त्या रात्री तिने माळ्यावरून पितळी डबा काढला. आत कळकटलेली पळी होती. चिंचेने घासून ती लखलखीत केली, आणि औषधाच्या बाटलीचे पाच मिलिलिटरचे झाकण घेऊन पळीत पाणी ओतून पाहिले. बरोबर दोन झाकणे. म्हणजे दहा पळ्यांचे शंभर मिलिलिटर, सहा माणसांत. माणशी तीन-साडेतीन चहाचे चमचे. आहारतज्ज्ञ बाईंनी कागदावर लिहून दिले होते, 'दिवसाला माणशी चार चमचे, त्यात सगळे आले'. अम्मांची कंजुषी त्या कागदाशी जुळत होती, वर तूपसुद्धा बसत होते.

वनस्पतीचे काय, हे तिला पुढच्या भेटीत कळले. पातळ तेलात हायड्रोजन खेळवून ते घट्ट करतात. भारतात १९३०च्या दशकापासून हे कारखाने चालू आहेत, आणि महाग तुपाला गरिबाचा पर्याय म्हणून त्याचा प्रसार झाला. घट्ट करताना तेलातल्या काही मेदाम्लांची घडण बदलते, त्यांना ट्रान्स मेद म्हणतात. १९९० साली हॉलंडमधल्या संशोधकांनी दाखवून दिले, की ते रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले कमी करते. तुपानेही पहिले होते, पण दुसरे होत नाही. म्हणजे मामंजींचा पहिला झटका येण्याच्या तीन वर्षे आधी ही गोष्ट छापली गेली होती. तिरुवैयारुपर्यंत यायला तिला वीसहून जास्त वर्षे लागली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली हे मेद अन्नातून हद्दपार करण्याची हाक दिली. भारतात तेला-तुपातली त्याची मर्यादा २०२१ मध्ये तीन टक्के आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्के झाली. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले, ही म्हण ती लहानपणापासून ऐकत आली होती. तिचा अर्थ असा स्वयंपाकघरात भेटेल असे तिला वाटले नव्हते.

त्यात एक गंमतही निघाली. वनस्पती तुपात निदान पाच टक्के तिळाचे तेल घातलेच पाहिजे, असा आपल्याकडे अनेक वर्षे कायदा होता. कारण कोणी वनस्पती साजूक तुपात मिसळले तर पकडता यावे. तिळाच्या तेलाची एक रासायनिक परीक्षा आहे, त्यात ते गुलाबी-लाल रंग देते. थोडक्यात, अम्मांचे तेल तिने पुढच्या दाराने घालवले आणि ते पाच टक्क्यांनी मागच्या दाराने पहारेकरी होऊन परत आले.

बाईंना तिने एक प्रश्न विचारला, बाहेर यजमान बिल देत असताना. "आमच्या सासऱ्यांना मीच..." पुढे तिला बोलवेना. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ते पान-तंबाखू खायचे?" खायचे. "साखरेचा आजार?" होता. "मग एका डब्यावर खापर फोडू नका. पण तो डबा घरात नसता तर बरं झालं असतं, हेही खरं." तिला हे उत्तर आवडले. पूर्ण माफी मिळाली असती तर तिचा त्यावर विश्वास बसला नसता.

आता त्या घरात काय चालते? सगळेच जुने परत आले असे नाही. फोडणीला, पुडीला, चिंचभाताला तिळाचे तेल. तळण महिन्यातून एखादे, शेंगतेलात, तेही कढईतून धूर निघायच्या आत आच कमी करून. उरलेले तेल बाटलीत साठवून पुन्हा-पुन्हा तापवणे बंद. बाहेरच्या हॉटेलांसाठीसुद्धा २०१८ पासून तसा नियम आहे, तेल तापवून-तापवून त्यातली खराब झालेली द्रव्ये पंचवीस टक्क्यांच्या वर गेली की ते फेकायचे. घरात मोजायला यंत्र नाही, पण काळपट रंग, फेस आणि चिकटपणा ओळखायला डोळे आणि बोटे पुरतात. खोबरेल तेल हल्ली फार औषधी म्हणून गाजते. पण त्यातला दहातला नऊ हिस्सा स्निग्धांश संपृक्त आहे, म्हणून ती ते अम्मांसारखेच चमचाभर, वासापुरते घेते. रिफाइंड तेलालाही ती विष म्हणत नाही. रसायनाने धुऊन, मातीतून गाळून, दोनशे अंशांच्या वर वाफ देऊन त्याचा वास-रंग काढतात, त्यात चव जाते आणि काही गुणही जातात. पण ज्याला घाण्याचे तेल परवडत नाही, रेशनच्या पामोलीनवर ज्याचे घर चालते, त्याला घाबरवून काय साधणार? त्याने निदान मोजून घ्यावे.

सोलापूरही या घरात थोडे परतले. जवसाची चटणी, कारळ्याची चटणी. माशांशी ज्यांचा संबंध नाही अशा घरात ज्या प्रकारचे मेद मिळणे कठीण, ते जवसात भरपूर आहे. आणि तीळ, शेंगदाणे, जवस हे सबंध खाल्ले तर तेलाबरोबर चोथा, प्रथिने, चुना सगळेच पोटात जाते, गाईला मिळणारी पेंडसुद्धा. भरल्या वांग्यात ती आता तिळाचे आणि दाण्याचे कूट दाबून भरते, आणि वांगी झाकण ठेवून मंद आचेवर शिजवते. तिकडे एण्णै कत्तरिक्काय म्हणून याच वांग्याचा प्रकार करतात, नावातच तेल असलेला. तोही दोन पळ्यांत होतो. पहिल्या दिवशी अम्मांनी सांगितले होते तेवढ्याच.

घाणेही बदलले. बैल गेले, विजेची मोटर आली. २०१० नंतर शहरांत घाण्याच्या तेलाची लाट आली आणि रस्त्यारस्त्यावर 'लाकडी घाणा' अशा पाट्या लागल्या. किंमत दुप्पट-तिप्पट. ती मात्र तीळ स्वतः नेते, पाखडून, वाळवून, आणि तेल निघेपर्यंत तिथेच बसते. पाटीवर लाकूड आहे म्हणून बाटलीत तीळच असेल असे नाही.

पुण्याला असलेली तिची मुलगी या लाटेत पुरती बुडाली आहे. फोनवर म्हणाली, "आई, आम्ही सगळं घाण्याचंच वापरतो हं. परवा भजी केली तीसुद्धा घाण्याच्या तेलात." आई म्हणाली, "घाण्याचं तेल म्हणून भजी पथ्याची होत नाहीत. महिन्याला किती लागतं?" पलीकडे शांतता. मग, "बघावं लागेल." तीच शांतता आईने २०१४ साली तंजावरच्या दवाखान्यात ऐकली होती, स्वतःची.

यंदाच्या आराधनेला मुलगी आली होती. सकाळी समाधीपाशी पंचरत्न ऐकून दोघी घरी आल्या. आईने अशोका केला, साजूक तुपात, आणि चमचा उभा राहील एवढ्या लहान वाट्यांत वाढला. यजमानांनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली, ती तिने दिसली नाही असे दाखवले. बोटांना तूप लागले होते, टाळूला मेण नव्हते.

दुसऱ्या दिवशी मुलगी निघाली. पिशवीत इडलीची पूड, जवसाची चटणी, तिळाच्या तेलाची बाटली, तिला तीनदा कापड गुंडाळलेले. तिची नजर ओट्यावरच्या पितळी पळीवर गेली.

"आई, ही मला देशील?"

"ही नाही मिळायची. पुण्यात तांबट आळी आहे ना, तिथून घे."

मुलगी हसली. निघताना तिने औषधाच्या बाटलीचे ते पाच मिलिलिटरचे झाकण मात्र हळूच उचलून पर्समध्ये टाकले. आईला ते दुसऱ्या दिवशी, खोकल्याचे औषध घेताना कळले.